पट्टा कुणी थांबवला

हे आजवर माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेलं नाही. तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण — सुरुवात सोपी आहे, पुढचं अवघड.

मी भिलाईतल्या लोखंडी सळ्यांच्या एका खाजगी कारखान्यात नेटवर्क सांभाळतो. आमच्याकडे पोर्ट स्कॅनर आहे — प्रत्येक यंत्राची दारं ठोठावून कुठलं उघडं राहिलंय ते सांगणारं सॉफ्टवेअर. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात ते सारखं अडकायचं आणि साहेब माझ्या मागे लागायचे. एका दुपारी वैतागून मी त्याचा वेग वाढवला. शॉपमधली, म्हणजे जिथे सळ्या बनतात तिथली जुनी यंत्रं स्कॅनमधून वगळायची, असा आमच्याकडे नियम — तोही बाजूला ठेवला. म्हटलं, बघू तरी कुठे अडकतंय! स्कॅन सरसर निघालं. काय खूश झालो होतो मी.

तेवढ्यात शॉपमधला सळ्या वाहून नेणारा पट्टा थांबला. तापलेल्या लाल सळ्या एकमेकींवर चढल्या. पट्टा चालवणारा जुना कंट्रोलर माझ्या ठोठावण्यानं हँग झाला होता — हे मला तिथल्या तिथे कळलं. मी स्कॅन बंद केलं आणि त्याचा मागमूस पुसला.

पट्ट्यावर रामटेके काका होते. रुआबांधा वस्तीत आमच्या शेजारचे. या नोकरीची बातमी मला त्यांनीच दिलेली. चौकशीत साहेब म्हणाले, यांना डुलकी लागली आणि बटण दाबलं गेलं. काका हात जोडून सांगत होते, "मैंने छुआ भी नहीं, साहब." साहेबांनी मला विचारलं, नेटवर्कमध्ये काही गडबड? मी म्हणालो — नाही.

का म्हणालो? भ्यालो, दुसरं काय! मग काकांना काढू नका म्हणून रदबदलीही मीच केली — केवढा भला माणूस, नाही का? त्यांना गेटवर बसवलं. जन्मभर पट्टा चालवलेला माणूस आता गाड्यांना फाटक उघडतो. आणि आत जायला दुसरं गेट नाही. रोज सकाळी ते हसून हात वर करतात, आणि मी स्कूटरचा वेग वाढवतो.

परवा त्यांनी माझी स्कूटर थांबवली. "बहुत सोचलं, बाबू. माह्याच हातानं दबलं असन. तू होता म्हणून नोकरी राह्यली."

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? आजूबाजूला कुणीही नव्हतं.

मी म्हणालो, "असू द्या काका. होते चूक माणसाकडून."