आबा आत आले की विकेट पडते

क्रिकेटवर माझा राग नाही. राग आहे तो भारत-पाकिस्तान सामना आला की ज्यांच्या अंगात येतं त्यांच्यावर. आणि या अंगात येणाऱ्यांचा अड्डा भरतो नेमका माझ्या माहेरी, कळसला, कारण आसपासच्या वस्त्यांवरचा सगळ्यात मोठा टीव्ही माझ्या धाकट्या भावाने आणून भिंतीला टांगलाय.

मी बारामतीत कॉलेजात शिकवते. एरवी अशा दिवशी मी कळसच्या दिशेलाही फिरकत नाही. त्या रविवारी गेले ती आबांसाठी. आबा म्हणजे माझे वडील. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता आणि "म्हातारपणी काय बगायचं ऱ्हायलंय" म्हणत त्यांनी तो तसाच वाढू दिला. मॅच ते कानांनी बघायचे. खोलीत आरडाओरडा झाला की विचारायचे, "काय झालं? कुणाची गेली?" आणि चार जण एकदम खेकसायचे, "थांबा ओ आबा!"

शेवटी मीच त्यांना बारामतीला नेऊन एकेक करत दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून आणलं. दुसऱ्या डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरचं कॅलेंडर मोठ्याने वाचलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "सायेब, आता पाकिस्तानची म्याच हाय. बॉल दिसंल न्हवं?" डॉक्टर हसले. आबा हसले नाहीत, ते खरंच विचारत होते. पुढे दोन महिने त्यांच्या तोंडी तेच होतं, या डोळ्यांनी एकदा बॉल बघायचा.

सामना परदेशात होता, त्यामुळे आपल्याकडे दुपारीच सुरू झाला. मी पोचले तेव्हा बाहेरच्या खोलीत पंधरा-वीस बाप्ये निळे टीशर्ट घालून दाटीवाटीने बसले होते. टीशर्ट छातीवर सैल आणि पोटावर घट्ट. यातला एकही माणूस सुटलेल्या एसटीमागे दहा पावलं पळू शकत नाही, पण बोलणं बघा. "आज आपण त्यांना फोडणार." आपण म्हणे! वहिनी बिचारी स्वयंपाकघरात भज्यांचे घाणे काढत होती. तिला कुणी आपण म्हणत नव्हतं.

यांचा एक पुढारी होता. सांगवीचा, भावाचा दोस्त, प्लॉटिंगचा धंदा करणारा. मागच्या विजयाला घातलेला टीशर्ट त्याने न धुता तसाच जपून ठेवला होता, आणि ते तो शौर्यपदक मिळाल्यासारखं सांगत होता. सांगायची गरज नव्हती, वासावरून कळतच होतं. कुणी कुठे बसायचं, कुणी पाय हलवायचा नाही, हे सगळं तोच ठरवायचा आणि बाकीचे माना डोलवायचे. निवडणुकीतही एवढ्या शिस्तीने कुणाचं ऐकत नाहीत मेले.

त्याच दिवशी आमच्या पाटाच्या पाण्याची पाळी होती. खालच्या रानात उसाची नवी लागण, तिला पाणी मिळायलाच हवं होतं, कारण पाळी एकदा गेली की लवकर येत नाही. एक सरी भरली की खोऱ्याने माती ओढून पाणी पुढच्या सरीत वळवायचं, याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. काम भावाचं होतं, पण भाऊ जागचा हलेना. आबाच म्हणाले, "त्यांची ब्याटिंग चाललीया तवर मी धरतो दारं. आपली आली की यीन." आणि पाकिस्तानचा डाव संपता संपता भरायला वेळ घेणाऱ्या एका लांबट सरीत पाणी लावून, हातपाय धुऊन, धुवट टोपी घालून ते आत आले. मी माझी खुर्ची टीव्हीच्या पुढ्यात सरकवली. आबा बसले, आपला डाव सुरू झाला आणि पहिला गडी गेला.

सगळ्यांनी आबांकडे बघितलं. मला तेव्हाच वास यायला हवा होता.

थोड्या वेळाने आबा पाणी प्यायला उठले आणि तिकडे चौकार बसला. परत येऊन बसले तर दुसरी विकेट. न धुतलेला टीशर्ट गंभीरपणे म्हणाला, "आबा आत आले की विकेट पडतीया." कुणीही हसलं नाही. माझा भाऊ, शेतकीची पदवी घेतलेला, माती तपासल्याशिवाय खताचा कण न टाकणारा, तो उठला आणि म्हणाला, "आबा, आसं करा, तुमी वाईच रानातच ऱ्हावा. पाणी बी बगितल्यागत हुईल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "का रे, तुझे पाय मोडलेत का? या दिवसासाठी डोळे करून घेतलेत त्यांनी!"

"ताई, तुला न्हाय कळायचं त्यातलं."

"डोंबल कळायचंय त्यात!"

पण आबा तोवर उठले होते. "ऱ्हाऊ दे गं. पोरांचा हिरमोड नगं." खोरं खांद्यावर टाकून ते निघाले आणि दाराबाहेर त्यांचं पाऊल पडायला नि षटकार बसायला एकच गाठ पडली. खोलीत नुसता जल्लोष. झालं, सिद्धच झालं की! पंधरा-वीस मतदार माणसं, दोन ग्रॅज्युएट, एक सोसायटीचा संचालक, आणि सगळ्यांची खात्री पटली की परदेशातला चेंडू आमच्या आबांना बघून वळतो.

मी चहाची किटली घेऊन रानात गेले. आबा सरीच्या तोंडाशी उभे होते. सरी भरत आली होती, ते माती ओढणार इतक्यात त्यांचा फोन वाजला. भावाचा आवाज मला लांबून ऐकू आला.

"आबा, कुठं हायसा? दाऱ्यावर? हाय तितंच थांबा! भागीदारी जमलीया. दारं बदलू नका, खोऱ्याला हातच लावू नका!"

आबांनी खोरं खाली ठेवलं.

लहानपणी सरीतून ओंजळभर पाणी वाया गेलं तरी आम्हाला ओरडणारा हा माणूस. त्याच्यासमोर सरी भरली, फुटली, पाणी बांधावरून ओसंडून ओढ्याला लागलं, आणि खालच्या निम्म्या सऱ्या कोरड्या ठणठणीत. मी खोरं उचललं. आबांनी माझं मनगट धरलं. "नगं, बाई. थोडंच ऱ्हायलंय."

"आबा, लागण वाळेल ती!"

"दिसतंय मला," ते म्हणाले.

दिसतच होतं त्यांना, आता सगळं स्पष्ट दिसत होतं. आणि ते बघत होते आमच्या घराच्या मागच्या भिंतीकडे. तिकडून ओरडा आला की विचारायचे, "कुणी मारला आसंल गं?" मी फोनवर स्कोअर बघून सांगत होते. फोन त्यांच्यापुढे धरला तर त्यांनी तोंड फिरवलं.

जिंकले एकदाचे. फटाके वाजले, मोटारसायकली बाहेर निघाल्या. झेंडे घेऊन सगळे इंदापूरच्या चौकात नाचायला चालले होते. भाऊ रस्त्यावरूनच ओरडला, "आबा, जिंकलो आपण!" थांबला नाही. आबांनी हात वर केला आणि घाईघाईने खोरं उचललं, पण तोवर पाळी संपून पाणी शेजाऱ्याच्या रानाकडे वळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ रानातून तणतणत आला. "आबा, खालच्या सऱ्या कोरड्या कशा काय? येवडं पाणी ओढ्याला घालवलं तुमी? ध्यान कुठं व्हतं?" मी तोंड उघडणार तेवढ्यात आबा म्हणाले, "चुकलं माजं." आणि भावाने ते ऐकून घेतलं! त्याला स्वतःचा फोन आठवलासुद्धा नाही. हातातला कप त्याच्या टाळक्यात घालावा असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं.

तो आंघोळीला गेल्यावर मी टीव्ही लावला. कालच्या सामन्याचे हायलाइट्स चालू होते. म्हटलं, "आबा, या. खोलीत कुणी नाही. तुमचा बॉल बघा."

आबा उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

"कालचीच न्हवं ही? जिंकलेली?"

"हो आबा, जिंकलेली. आता काय होतंय तिला?"

आबा दाराकडे पाठ करून बाहेर ओट्यावर बसले.

"तू बग," ते म्हणाले. "मी आलो आन् पुन्यांदा काय इपरीत झालं म्हंजी?"