गृहपाठातलं स्टेशन

वारंगा फाट्याजवळच्या कॉलेजात मी अकरावीला इंग्रजी शिकवते. पाठ्यपुस्तकाबाहेरची एखादी गोष्ट आणायची, परक्या देशातली माणसं कशी जगतात ते पोरांपुढं मांडायचं, ही माझी हौस. त्या वर्षीची गोष्ट साधी होती. थंड मुलखातली अठरा वर्षांची मुलगी शिकायला दूर निघते. आईबाप तिला स्टेशनवर सोडतात, आई हातात डबा देते, गाडी सुटते. कोणी भांडत नाही, कोणी रडत नाही.

"मॅडम, रडले काहून न्हाईत?" वर्गानं विचारलं. मी खूश झाले. मोठ्या थाटात गृहपाठ दिला: ही गोष्ट घरी मराठीत सांगा आणि घरचे काय म्हणाले ते इंग्रजीत लिहून आणा.

वह्या आल्या. एकीच्या आजीनं विचारलं होतं, डब्यात काय दिलं? एकाचे वडील म्हणाले होते, एकटीला सोडलंच कसं? मी हसत हसत तपासत होते. दुसऱ्या बाकावरची मुलगी वर्गात सगळ्यांत हुशार, तिनं मात्र एकच वाक्य लिहिलं होतं. वडिलांनी विचारलं, कोणतं स्टेशन? मी खाली 'छान' असा शेरा मारला. तो आठवला की अजून स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी. तिसऱ्या दिवशीही. तिची मैत्रीण मान खाली घालून म्हणाली, "तिला घराभाईर निघू देऊन न्हाई राहिले, मॅडम. आयतवारी पाव्हणे येऊन राहिले म्हनं पाहाया."

तेव्हा कुठं 'कोणतं स्टेशन?' या प्रश्नाचा अर्थ मला लागला. मी इथल्याच हट्टा गावची. आमच्याकडं मुलगी बापाला तोंडावर 'नको' म्हणत नाही. ती दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट सांगते. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मीही चुलतीजवळ बसून 'आमच्या वर्गातल्या एका पोरीची' गोष्ट सांगितली होती, आणि घराला काय समजायचं ते समजलं होतं. परक्यांच्या रीती समजावण्याच्या नादात मी घरचीच रीत विसरले, आणि वर्गातल्या साऱ्या पोरींना म्हणाले, घरी जाऊन गोष्ट सांगा.

शनिवारी तिचे वडील आले. शांत माणूस. शेतातल्या हळदीच्या कामातून तसेच उठून आले असावेत, बोटं पिवळी होती. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"ती पोरगी तुमच्या पुस्तकातली हाय का आमच्या पोरीच्या मनातली, तेवढं सांगा मॅडम."

मी गोष्टीची पानं पुढं ठेवली. सगळी गोष्ट त्यांना मराठीत सांगितली. म्हटलं, भाऊ, हा अभ्यास आहे, सगळ्यांनाच दिला होता. ते मान हलवत ऐकत होते. मला वाटलं, निभावलं.

"समदं बराबर हाय," ते म्हणाले. "पन आमची सांगता सांगता रडली. पुस्तकात कोनी रडलं का?"

बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. ही मुलगी बारावीला येणार की या उन्हाळ्यातच तिला उजवून टाकणार, ते आता माझ्या एका शब्दावर होतं. मला भीती वाटली, आणि मी खोटं बोलले.

"हो. पोरगी रडते. स्टेशनवर."

"कुटं? दावा."

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी पानावर मधल्याच एका ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी वाकून ती ओळ पाहिली. मग खिशातून मोबाईल काढला, बोट तसंच राहू द्या म्हणाले, आणि फोटो घेतला.

"पुतन्या नांदेडला इंग्रजीचा मास्तर हाय. त्याला पाठवून पाहातो."

नमस्कार करून ते गेले. मी बोट उचललं. त्या ओळीत एवढंच लिहिलं होतं, की गाडी वेळेवर आली.