बाईंनी देऊ केलेलं प्यादं

बाइंडरकाकांची बायको शाळेत गणित शिकवायची. सगळे तिला बाईच म्हणत. बुद्धिबळात एकतीस वर्षं बाईंची सुरुवात एकच. वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे, मग शेजारचं, उंटापुढचं प्यादं पुढे सरकवून चक्क फुकटात देऊ करायचं. "घ्या की, लाजताय काय?" काकांनी ते कधीच घेतलं नाही. घेणाऱ्याचं मधलं प्यादं बाजूला जातं आणि पटाचा मध्य बाईंना आंदण मिळतो. "घेतलंत तरी वेळेवर सोडून द्या," बाई म्हणायच्या, "धरून बसलात की मेलात."

बाई वारल्या. पट टेबलावर मांडलेलाच राहिला. महिनाभराने काका पुस्तकं शिवायचं काम थांबवून दुपारी जेवायला घरी आले, तर पांढरं प्यादं दोन घरं पुढे होतं. किल्ली एकच, तीही काकांच्या खिशात. तरी त्यांनी आपलं काळं प्यादं पुढे केलंच. दुसऱ्या दुपारी उंटापुढचं प्यादं हजर.

या खेपेला काकांनी ते घेतलं. नाही म्हटलं तर ती रुसेल, परत यायचीच नाही, ही वेडी भीती. मग नवशिक्यासारखे ते प्यादं जपत बसले, त्याला उरलेल्या प्याद्यांचे टेकू लावत. रोज एक पांढरी खेळी, रोज एक काळी. मुलगी फोनवर रडकुंडीला आली, "बाबा, तो पट आवरा हो!"

"अगं, आईचा डाव अर्धा आहे."

सहाव्या दुपारी पांढरा वजीर तिरपा बाहेर आला होता. टेकू लावण्याच्या नादात काकांनीच मोकळी केलेली वाट थेट त्यांच्या कोपऱ्यातल्या हत्तीपर्यंत जात होती. आता हत्ती जाणार आणि मागोमाग डावही. हरण्याचं काही नाही, पण डाव संपल्यावर ती येणार कशाला? मग त्यांनी शक्कल लढवली. आपली चाल खेळायचीच नाही, म्हणजे ती इथेच राहील.

आठ दिवस काहीच हललं नाही. फक्त जेवताना समोरच्या रिकाम्या खुर्चीकडून गारवा यायचा, रोज थोडा जास्त. काकांनी शाल पांघरली, पण पटाला हात लावला नाही.

नवव्या दुपारी त्यांनी कुलूप काढलं. त्यांचाच काळा घोडा हत्तीला वाचवायला वजिराच्या वाटेत, मरायला उभा होता. एकतीस वर्षांत बाईंनी समोरच्याच्या सोंगटीला कधी बोट लावलं नव्हतं.

काका पटासमोर बसले. "इतकं जायचं होतं तर सांगायचंस गं," म्हणाले आणि हुंदके देऊन रडले. घोडा त्यांनी मागे घेतला नाही.