बेलाचं पान घातलेलं पातेलं

ही हकीकत मी बरीच वर्षं टाळली. बायकोला त्यातली अर्धी ठाऊक होती, पण ती गेल्यावर बोलायलाही कोणी उरलं नाही. प्रसंग आले नाहीत असं नाही. गेल्या वर्षी नोएडाला मुलाकडे जेवत होतो. नातवाचे मित्र आले होते आणि गांजा कायदेशीर व्हावा की नाही यावर त्यांची जुंपली होती. एकजण 'फोर ट्वेंटी' म्हणाला आणि सगळे हसले. आम्हाला चारशेवीस म्हणजे फसवणुकीचं कलम, लबाड माणूस. मी तसं म्हटल्यावर नातवाने समजावलं, की अमेरिकेत शाळेतली काही पोरं म्हणे चार वाजून वीस मिनिटांनी ओढायला भेटायची, त्यावरून तो शब्द पडला. मग त्याने विचारलं, "आजोबा, तुमच्या वेळी काय म्हणायचे?"

"आम्हाला कुठलं माहीत असायला," मी म्हणालो आणि ताटात बघत राहिलो.

माहीत होतं, आणि चांगलं माहीत होतं.

ऐंशीच्या दशकात आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या आणि मागे पत्रे ठोकून बंद केलेला व्हरांडा. त्या व्हरांड्यात सोलापूरकडच्या एका ओळखीच्या गृहस्थांचा मुलगा राहायला आला. एका खाजगी फर्ममध्ये तो नकाशे काढायचं काम करायचा आणि सरकारी नोकरीच्या परीक्षा द्यायचा. क्वार्टरमध्ये पोटभाडेकरू ठेवायला बंदी होती, आणि निम्म्या कॉलनीत ते होते. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक पोटभाडेकरू कोणाचा तरी भाचा असायचा.

"कोणी चौकशीला आलं तर तू काकूंचा भाचा," मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं.

"मग काकूंना मावशी म्हणू का?"

"काकूच म्हण. इथे कोणाला फरक कळतोय."

तो हसला. हसणं मोकळं होतं, आणि मला ते आवडलं नाही. माणूस इतका मोकळा असेल तर काहीतरी झाकत असेल, असं मला तेव्हा वाटायचं.

अमली पदार्थांचा नवा कायदा नुकताच आला होता. ऑफिसात दुपारच्या डब्यावर त्याचीच चर्चा. आमचे सेक्शन ऑफिसर म्हणायचे, "साधू जन्मभर ओढत आले, ते एका रात्रीत गुन्हेगार? ये सब बाहर का प्रेशर है." दुसरे एक गृहस्थ म्हणायचे, "साधूंचं सोडा, आपली पोरं साधू आहेत का?" त्याच झाडाचं पान म्हणजे भांग, ती ठेक्यावर, म्हणजे सरकारी परवान्याच्या दुकानात, उघड मिळणार, आणि फूल म्हणजे गांजा, तो बाळगला की तुरुंग, हे कोणालाच नीट पटत नव्हतं. मला मजा शब्दांची वाटायची. देवळाच्या पायरीवर ती 'बूटी', वैद्याकडे 'विजया', कॉलेजच्या पोरांत 'स्टफ' आणि पोलिसांच्या तोंडी 'माल'. कोण बोलतोय यावर ठरायचं की देवाचं काम चाललंय की गुन्हा. मी स्वतः होळीला तिला 'प्रसाद' म्हणायचो.

कारण कॉलनीतल्या आमच्या मंडळाची होळीची ठंडाई माझ्याकडे असायची. दरवर्षी मी गाझियाबादला जाऊन सरकारी ठेक्यावरून भांगेचा गोळा आणायचो. बदाम, बडीशेप, मिरी, खरबुजाच्या बियांचा मगज, सगळं घरच्या पाट्यावर वाटायचो. दोन पातेली व्हायची. एक मुलांसाठी आणि सोवळ्या मंडळींसाठी साधं. दुसऱ्यावर बेलाचं पान टाकलेलं, म्हणजे कळायचं की हे 'आपलं'. डेप्युटी सेक्रेटरीसुद्धा पानाच्या पातेल्याकडे वळायचे आणि नंतर तासभर एकाच विनोदावर हसत बसायचे. आमच्यातल्या कोणालाही कधी वाटलं नाही की आपण नशा करतोय.

आणि त्या मुलावर मात्र माझा डोळा होता. त्याच्या व्हरांड्यात कायम अगरबत्ती जळायची. डोळे लाल असायचे. रविवारी संध्याकाळी तो यमुनेकाठच्या एका मठाकडे जायचा, जिथे गोसावी बसलेले असत, आणि परत आला की कपड्यांना धुराचा वास. एकदा तो अंघोळीला गेला असताना मी त्याचा शर्ट नाकाशी धरला. बायकोने बघितलं.

"काय करताय?"

"वास बघतोय."

"घामाचा आहे. धुवायला टाका."

"आणि अगरबत्ती कशाला लागते सारखी?"

"मीच देते त्याला. मोरीशेजारी झोपतो तो. तुम्ही झोपून बघा तिथे."

तरी माझी खात्री होत नव्हती. त्या वर्षीच्या होळीला मी मुद्दाम पानाच्या पातेल्यातला पेला त्याच्यापुढे केला. "नको काका, मला सोसत नाही," म्हणून त्याने मुलांच्या पातेल्यातली घेतली. सगळे त्याला चिडवायला लागले, "अरे, दूध पिऊन झोप बाळा." मी मनात म्हटलं, ढोंग आहे. पक्का ओढणारा असणार, त्याला आमचं पाणचट कशाला चालेल.

त्याच सुमारास तो एका केंद्रीय खात्याची परीक्षा पास झाला होता. फक्त पोलीस व्हेरिफिकेशन राहिलं होतं. पत्ता आमचा दिलेला. रोज संध्याकाळी आला की विचारायचा, "काकू, कोणी आलं होतं?" ती नोकरी लागली की त्याला धाकट्या बहिणीला शिकायला दिल्लीला आणायचं होतं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला होता, मी दुधाच्या बूथवर. परत आलो तर बैठकीत एक हवालदार बसलेला, हातात चहा. त्या मुलाच्या चौकशीला आला होता, पण खाकी वर्दी बघताच मला वाटलं, क्वार्टरची तक्रार गेली.

"लड़का आपका क्या लगता है, बाबूजी?"

भाचा म्हणावं, तर ते कागदावर जाईल आणि उद्या खोटं निघालं तर माझी नोकरी. म्हणून मी म्हणालो, "गाँव में पहचानवाले हैं, उनका बेटा है. कुछ दिन के लिए रुका है."

"अच्छा? मैडम तो भांजा बता रही थीं."

बायको दारात उभी होती. मीच पढवलेलं तिने नेमकं सांगितलं होतं. हवालदार आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होता. मग त्याची नजर टेबलावर गेली. आदल्या दिवशीचा उरलेला भांगेचा गोळा वाटीत होता, वर ताटली. त्याने ताटली उचलली, वास घेतला आणि म्हणाला, "और ये किसका है?"

आज मला वाटतं, तो गमतीत विचारत होता. होळीचे दिवस होते, बहुधा त्यानेही आदल्या दिवशी एखादा पेला घेतला असेल. 'हमारा है, चखोगे?' म्हटलं असतं तर हसून सही करून गेला असता. पण ठेक्यावरची भांग यूपीतून दिल्लीत आणणं चालतं की नाही, हे मला माहीत नव्हतं. दोन उत्तरं जुळत नव्हती. कुठेतरी बोट दाखवणं भाग आहे, असं वाटलं.

"उसी का होगा," मी म्हणालो. "हम लोग ये सब नहीं करते."

एवढ्यावर थांबलो असतो तरी कमी झालं असतं. पण माझ्या संशयाला ऐकणारा मिळाला होता. मी अगरबत्ती सांगितली, डोळे सांगितले, मठ सांगितला. त्याने चहा संपवला. "ठीक है, बाबूजी," म्हणाला. जाताना तो हसत नव्हता.

नेमणूक आली नाही. काही महिन्यांनी त्याने त्या खात्यात खेटे घातल्यावर कळलं, की पोलिसांचा अहवाल चांगला नाही. घरी येऊन तो माझ्यासमोर बसला.

"काका, तुमच्याकडे आले होते ना? काय विचारलं त्यांनी?"

"नाव, गाव. नेहमीचं."

"मग कोणीतरी काहीतरी सांगितलंय. कॉलनीतलं कोणी असेल?"

"असेल," मी म्हणालो. "इथे लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही."

त्याचा संशय शेजारच्या सरदारजींवर गेला, आणि त्या दिवसापासून त्याने त्यांना नमस्कार करणं बंद केलं. सरदारजींनी मला एकदा विचारलंही, "बच्चा नाराज है क्या?" मी म्हणालो, पता नहीं. बायको रात्री म्हणायची, "तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते." तिनेही सांगितलं नाही. माझी नोकरी तिचंही घर चालवत होती. थोड्या दिवसांनी तो आपणहून सामान घेऊन गेला. काकूंच्या पाया पडला, माझ्याही.

तो ओढायचा की नाही, हे मला आजही माहीत नाही. कदाचित ओढतही असेल. पण वाटीतला गोळा माझा होता, आणि बाकी जे सांगितलं त्यातलं मी डोळ्यांनी काहीच बघितलं नव्हतं. हे इतकं सरळ लिहायला मला म्हातारं व्हावं लागलं.

एकदाच भेटला, बायको गेल्यानंतरच्या वर्षी, करोल बागेत. मी ओळखलं नाही. टक्कल पडलेला गृहस्थ गर्दीत वाकला आणि म्हणाला, "काका, मी. तुमच्या व्हरांड्यातला." सोबत बायको होती. तिला म्हणाला, "दिल्लीत मला पहिलं छप्पर यांनी दिलं." गाझियाबादला घरांचे नकाशे काढून देतो, म्हणाला. बरं चाललंय. बहीण गावीच राहिली, तिचं शिक्षण काही झालं नाही. मग विचारलं, "काकू कशा आहेत?"

मी सांगितलं. तो तिथेच, चपलांच्या दुकानासमोर, डोळे पुसत उभा राहिला.

वाक्य माझ्याकडे तयार होतं. कित्येक वर्षं घोकलेलं होतं: त्या हवालदाराला सगळं मी सांगितलं होतं, सरदारजींनी नाही, आणि भांग माझी होती, मला माफ कर. मी तोंड उघडलं.

"इथून मेट्रोला कुठल्या बाजूने जायचं रे?" मी विचारलं.

"चला काका, मी सोडतो," तो म्हणाला आणि त्याने माझा हात धरला.