पळसाच्या पानांचे आतोबा

आमच्या आतोबांइतका मनापासून मेलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. बाकीची माणसं मरतात ती नाइलाजानं. आतोबा मेले ते हौसेनं, आणि मेल्यावर कितीतरी वर्षं आमच्या आत्याच्या हातची भाकरी खात परतुरात सुखानं नांदले.

नीट सांगतो. निजामाच्या राज्यातली गोष्ट. आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, कापसाची गाडी घेऊन शहागडच्या पलीकडे गेले होते. परत येताना गोदावरी भरून वाहत होती. नावाड्यानं थांबा म्हटलं. थांबतील ते आतोबा कसले! ‘तुझ्या हातून काही धड व्हायचं नाही’ असं त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणीच पढवलं होतं, आणि ते वाक्य खरं करून दाखवायची एकही संधी त्यांनी सोडली नव्हती. भाव चढला की हे कापूस घरात दाबून ठेवायचे आणि पडला की जल्दी जल्दी बाजारात न्यायचे. तर त्यांनी गाडी पाण्यात घातली. बैल पोहून काठाला लागले, पटका बाभळीला अडकलेला सापडला, आतोबा काही सापडले नाहीत. वाट पाहून पाहून शेवटी शास्त्रीबुवांनी पळसाच्या पानांचा पुतळा केला, दुधनेच्या काठी त्याला अग्नी दिला, दहावं-तेरावं उरकलं, आत्याचं कुंकू पुसलं. आणि एके दिवशी दिवेलागणीला आतोबा दारात उभे. खालच्या कुठल्याशा गावात हिवतापानं पडून होते म्हणे. शेजारीपाजारी पळत सुटले. आत्या तेवढी पळाली नाही. ती आत गेली आणि कोणाला न विचारता कुंकू लावून बाहेर आली.

गोष्ट तिथंच संपायची. पण आपलं दहन झाल्याचं आतोबांना वाटेतच कळलं होतं आणि, काय सांगू, ते त्यांना पटलं होतं. शास्त्रीबुवा म्हणाले, ज्याचे दिवस झाले त्याचा पुन्हा जन्म करावा लागतो. न्हाऊ घालायचं, कानात नाव सांगायचं, सगळं तान्ह्या पोरासारखं. मग तो घरचा. आतोबा म्हणाले, झालं ते बराबर झालं, राहू द्या. आणि त्यांनी ओसरीवर मुक्काम ठोकला.

मेलेल्या माणसानं कसं वागावं याचे नियम त्यांचे त्यांनीच केले. पायात वहाण नाही, चालण्याचा आवाज नाही. तुम्ही बोलत असावं, सहज मागं वळून पाहावं, तर आतोबा भिंतीला टेकून उभे; कधीपासून, कोण जाणे. न्हाव्यानं आरसा पुढं केला की डोळे गच्च मिटून घेत. कावळ्यानं घास नेल्याशिवाय जेवत नसत, आणि कावळे त्यांना बघून उडत नसत, हे मात्र मला कधीच आवडलं नाही. तहसिलीचा चपराशी वेठीला बोलवायला आला तेव्हा हे शांतपणे म्हणाले, “मी मयत आहे.” तो बापडा सलाम करून उलट्या पावली गेला. पुढं पुढं गावानंही मनावर घेतलं. म्हाताऱ्या बायका ओसरीशी थबकून आपापल्या गेलेल्या माणसांची खुशाली विचारत. समोरच्या मारवाडी शेठजींनी एकदा दबकत विचारलं, वारलेल्या बापूजींचा खोकला कसा आहे. आतोबांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “आता न्हाई.” शेठजींनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

मी तेव्हा गावातल्या कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होतो, विशीतला, आगाऊ. एकदा भर दुपारी आतोबांच्या मागोमाग दुधनेवर गेलो. पुतळा जाळला होता त्या जागी ते बसले आणि तळहातानं जमीन सारखी करू लागले, अंथरुणाची सुरकुती काढावी तशी. झाडाचं पान हलत नव्हतं. माझ्याकडं न बघता म्हणाले, “ये. मी इथं आहे.” आवाज जमिनीतून आल्यासारखा वाटला, खोटं कशाला बोलू. भर उन्हात मला हुडहुडी भरली, आणि भ्यालो म्हणून मी चिडलो. अहो, तुम्ही जेवता, घोरता, लेकीचे लाड करता, मेलेला माणूस असं करतो का? तेव्हा त्यांनी मान वर केली. “मेलेल्याकडं कोणी काही मागत न्हाई रे. त्याच्या हातून काही बिघडतबी न्हाई. लई सुख आहे.”

ते सुख मोडलं त्यांच्या लेकीनं, काशीनं. राजूरचं स्थळ ठरलं आणि कन्यादान कोणी करायचं हा प्रश्न आला. आतोबा म्हणाले, तिच्या मामानं करावं, म्हणजे माझ्या वडिलांनी. आपल्या हातचं पाणी पडलं तर पोरीचा संसार नासेल. आत्यानं समजावलं, वडील तापले, शास्त्रीबुवांनी पोथी काढली. आतोबा भिंतीकडं सरकत राहिले. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी काशी हळदीच्या अंगानं ओसरीवर आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. रडली नाही.

“बाबा, तुम्ही नसाल तर मी बिनबापाची म्हणून जाते,” ती म्हणाली. “सासरी तसंच सांगीन. मंग माहेराला बी येणार न्हाई. मेलेल्याकडं कोण येतं?”

आतोबा भिंतीपासून पुढं सरकले. मग उठले आणि आत्याला म्हणाले, “पाणी तापव.”

गुऱ्हाळातली काहील आणली. तिच्यात धिप्पाड आतोबा गुडघे पोटाशी घेऊन बसले, तशा बायका पदराआड हसायला लागल्या. शास्त्रीबुवांनी मंत्र म्हटले, पाणी ओतलं, तूप चोळलं आणि थांबले. जन्मलेलं पोर रडायला नको का? आतोबा गप्प. डोळे मिटलेले, ओठ काळेनिळे, छाती हलते की नाही कळेना. बायकांचं हसू विरलं. माळवदावर कावळे येऊन बसले होते. आत्यानं माझा दंड घट्ट धरला, तिचा हात गार पडला होता. खरंच गेले की काय असं माझ्या मनात आलं, आणि मला त्यांचा फार, फार लळा आहे हे तेव्हा समजलं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान त्याच्या आत्याचा. यांना बहीण नव्हती. मग काशीच पुढं झाली, वाकली आणि तिनं बापाच्या कानात बापाचं नाव सांगितलं. आतोबांनी असा हंबरडा फोडला की मारवाडी शेठजी दुकान टाकून धावत आले.

कन्यादानाला आतोबा स्वतः बसले. निम्मं पाणी शास्त्रीबुवांच्या पोथीवर सांडलं, ऐन मंत्रात आतोबांना शिंक आली, पटका सुटून होमाजवळ गेला. काही म्हणजे काही बिघडलं नाही.

काशीची गाडी राजूरच्या वाटेला लागली तेव्हा आतोबा तिच्यामागं बरंच लांब पळत गेले. परत आले ते छाती दाबून धरत. मी घाबरून विचारलं, काय होतंय?

“दुखून राह्यलं रे,” ते म्हणाले. “जित्या माणसाला हे असं नेहमीच असतं का?”

मी म्हणालो, असतं.

गाडीची धूळ अजून खाली बसली नव्हती. तिकडं बघत ते म्हणाले, “मंग दिवाळसणाला तिला आणायला मीच जातो. बाप न्हाई गेला तर कोण जाईल?”

आम्ही दोघं तसेच रस्त्यात उभे राहिलो.