काळ्या शेपटीवाले पास कसे झाले?

माझ्या धाकट्या दिराला अख्खी प्रयोगशाळा उंदीरमामा म्हणते आणि हा खुशाल हसतो! बावीस वर्षं पांढरे उंदीर सांभाळतोय. लग्नासाठी मुलगी बघायला गेला की पहिल्याच भेटीत उंदरिणीचं बाळंतपण सांगायचा. थांबणार कोण? मी तिथेच काचेची भांडी धुते, म्हणून त्याच्या सगळ्या खोड्या मला ठाऊक.

यंदा आमच्या शास्त्रज्ञ मॅडमचा मोठा प्रयोग. गट कळावेत म्हणून उंदरांच्या शेपट्या शाईने रंगवल्या होत्या. निळ्या शेपटीवाल्यांना साधं खाणं. काळ्यांना पिकावर फवारायचं औषध, अगदी थेंबभर. लालांना औषध आणि वर ई जीवनसत्त्व. औषधाने मेंदूला जणू गंज चढतो, तो हे अँटिऑक्सिडंट अडवतं का, ते बघायचं होतं.

परीक्षा पाण्याच्या टाकीत, बुडालेली पायरी शोधायची. निळे झटकन पोचले. लाल जरा रेंगाळले. काळे आता गरागरा फिरत बसणार म्हणून सगळे ओणवलो, तर पहिलाच गडी बाणासारखा सुटला! नऊ सेकंद! दुसरा अकरा! मी तर टाळ्याच पिटल्या.

मॅडमचा चेहरा पडला. "अख्खं वर्ष घालवलं मी. औषधाचा परिणामच नाही?"

दीर उंदरांहून पांढराफटक.

"भावजी, काय केलंत?" मी कुजबुजले.

"वहिनी, काळे थरथरायचे हो. बघवेना. तुम्ही डब्यात द्राक्षं देता ना..."

"अगंबाई! आणि मला वाटायचं, तुम्हाला आवडतात! आता गप्प बसा, नोकरी जाईल."

"मग मॅडम खोटं छापतील, वहिनी."

गेला की सरळ, आणि सांगून मोकळा!

"रोज द्राक्षं? किती?" मॅडम किंचाळल्या.

"प्रत्येकाला दोन. मोजून. नाहीतर भांडतात."

मॅडमनी डोकं धरलं. मग हसू फुटलं, मग पुन्हा राग. "हे सगळं बाद! द्राक्षांतही अँटिऑक्सिडंट असतं; त्यांनी झालं की कशाने, कसं सांगू? पहिल्यापासून करायचं. आणि औषधावर द्राक्षं खाणाऱ्यांचा चौथा गट घालू. त्यांना तुम्हीच भरवायचं, मामा. पण काळ्यांना एक दाणा जरी दिलात, तर घरी बसवीन!"

नोकरी वाचली! मी नाचायचीच बाकी होते.

नवे उंदीर आलेत. द्राक्षंवाल्यांना हा हौसेने भरवतो. काळ्यांपाशी आला की मात्र दोन्ही हात खिशात घालतो आणि भिंतीकडे बघत पुढे सरकतो.