मामाजींची फायर लाईन

आमच्या घरातल्या टाइल्स सासूबाईंनी स्वतः निवडल्या होत्या. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळा दोष त्या टाइल्सवर ढकलला गेला आणि निवडणारं माणूस साळसूद चेहरा करून पलंगावर बसून राहिलं. घर बांधत होतो तेव्हा दुकानदाराने मातकट रंगाच्या, जराशा खरखरीत टाइल्सही दाखवल्या होत्या. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "सारवन्यात जलम गेला माजा," त्या म्हणाल्या. "आता मले तोंड दिसन अशी फरशी पायजे." तशी फरशी आली. पांढरी, गुळगुळीत, दिवसा बाहेरचं आकाश दिसेल अशी.

त्याच फरशीवर गेल्या पावसाळ्यात त्या पडल्या. ओला पोछाही त्यांनीच मारला होता. माझ्या हातचा पोछा त्यांना कधी पसंत पडला नाही. पुसून झाल्यावर देवाजवळचा दिवा लावायचा राहिला म्हणून त्या लगबगीने वळल्या आणि पाय सटकला. खुब्याचं हाड मोडलं. गोंदियाला ऑपरेशन झालं, आत सळई बसली, डॉक्टरांनी वॉकर देऊन दवाखान्यातच चार पावलं चालवलं. घरी पाठवताना त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन बजावलं की आता चालल्या नाहीत तर पुढे चालणं जमणार नाही, बसतील त्या बसतीलच.

आणि घरी आल्यावर आईंनी पाऊल टाकायला साफ नकार दिला. पलंगावरून खाली पाय सोडायच्या, फरशीकडे पाहायच्या आणि पाय वर घ्यायच्या. वॉकर पलंगाशेजारी उभा होता. त्यावर आधी टॉवेल वाळायला लागला, मग सासऱ्यांचं धोतर, मग मीही लाज सोडून माझे ब्लाउज टाकायला लागले. मला मात्र मनातून फार भीती वाटत होती. ही बाई एका जागी बसली तर घर कसं चालेल, याची नाही. मग मी भांडायचं कोणाशी, याची.

आईंनी पलंगावरून पहिला हुकूम सोडला तो असा, की घरात फरशीवर पाण्याचा थेंब पडता कामा नये. म्हणजे पोछा बंद. झाडू मारावा तर धूळ उडायची, त्यांना खोकला यायचा आणि खोकला आला की टाक्यांतून कळ जायची. म्हणजे झाडूही बंद. आमचं घर कोहमाऱ्याला, हमरस्त्याला लागून. रायपूरकडचे ट्रक दिवसरात्र जातात आणि जाताना आपापला वाटा आमच्या हॉलमध्ये टाकून जातात. त्यात हॉलच्या खिडकीशी माझं शिलाई मशीन. दोऱ्याचे तुकडे, कापडाच्या कतरणी, फॉलची कापलेली टोकं. आठवड्याभरात त्या पांढऱ्या फरशीवर तोंड तर सोडाच, टाइल्सचे सांधेही दिसेनासे झाले.

मग कोरडा पुसणारा मॉप घ्यायचं ठरलं. आमच्या मालकांचं चौकात गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, त्यामुळे जगातली कुठलीही अडचण पार्ट मागवून सुटते असं त्यांना वाटतं. त्यांनी मोबाईलवर मॉप मागवला. चित्रात एक बाई हसत हसत एका बोटाने तो चालवत होती. आला तेव्हा दांड्याचे चार तुकडे, ते एकमेकांत पिळून बसवायचे. पुसायचा भाग शाळेतल्या पाटीएवढा. जरा जोर दिला की मान फिरवून उलट्या दिशेला जायचा. माझ्या मशीनचे दोरे त्याच्या मानेला असे गुंडाळले गेले की ते काढायला मला कात्री घेऊन बसावं लागलं. तो मॉप पुढे कोळिष्टकं काढायला गेला आणि तिथूनही बडतर्फ होऊन परसातल्या टमाट्याच्या रोपाला आधार म्हणून कामाला लागला. तिथे मात्र बरं काम करतो आहे.

इथे मामाजी मध्ये पडले. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. त्यांची सारी नोकरी नागझिऱ्याच्या जंगलात वनमजूर म्हणून झाली. बोलणं कमी, चालणं अफाट. चालण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या तालुक्यात कोणी नाही. बाजाराच्या दिवशी हे पुढे आणि आई पिशव्या घेऊन मागे. आई बाजारात पोचेपर्यंत यांचा चहा पिऊन झालेला असायचा. आई मला नेहमी सांगायच्या, "तुज्या सासऱ्याचं तोंड कमी न् पाठच जास्त पायली व मी."

तर आई दवाखान्यात होत्या तेव्हा मामाजी व्हरांड्यातल्या बाकावर बसून असत आणि तिथली सफाईवाली बाई लांबलचक मॉप ढकलत जायची, ते पाहत. बैलबाजारात माणसं बैल पाहतात तसं पाहत. शेवटी एक दिवस त्यांनी तो तिच्याकडून मागून घेतला आणि व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवून पाहिला. "हे बरं हाय," एवढंच मला म्हणाले. "वाकाव लागत नाही, उडत नाही, पानी नाही." हे मला मोबाईलचा मॉप मोडीत निघाल्यावर आठवलं. मी त्यांना घेऊन एसटीने गोंदियाला गेले.

दुकानदाराने आधी बादलीवाला मॉप पुढे केला. "अंकल, ये लो, घुमाओ, निचोड़ो, मारो. सब यही ले जा रहे."

"पानीवाला नहीं होना," मामाजी म्हणाले.

मग स्पंजचा निघाला, मग बोटाबोटांसारखे गोंडे असलेला रंगीत निघाला. अखेर वरच्या फळीवरून सुती झालरीचा, दवाखान्यात होता तसला निघाला. "ये तो ऑफिस, बैंक वाले ले जाते. घर में कौन लेता है?" म्हणत त्याने धूळ झटकून दिला. मी शिवणकामातली बाई, मी सरळ झालर उलटी करून पाहिली. एकात दोरे टोकाशी कापून सोडलेले होते, ते दोन धुण्यांत सुटून माझ्या मशीनच्या दोऱ्यांत भर घालणार. दुसऱ्यात दोरा वळवून परत आत शिवलेला, आणि अख्खी झालर चेन उघडून धुवायला काढता येत होती. शिलाईसुद्धा दुहेरी. मी तो बाजूला काढला.

लांबीवरून मात्र आमचं जुंपलं. मामाजींना सगळ्यात लांब हवा होता. मी म्हटलं, "मामाजी, दिवान न् मशीनच्या मधातून हा जाईन का?"

"मशीन सरकव."

मशीन सरकलं नसतं, कारण खिडकी सरकत नाही. मधल्या मापावर तह झाला. दुकानदाराने निघताना सांगितलं, "सूखा चलाना. उठाना नहीं, बस आगे ढकेलते जाना, कचरा एक जगह लाके भर लेना." मामाजींनी मान डोलावली. त्यातलं किती ऐकलं ते दुसऱ्या दिवशी कळलं.

घरी आल्याबरोबर त्यांनी स्टीलचा दांडा काढून टाकला. तो वाजतो म्हणे. परसातला बांबू तोडून, तासून, आपल्या खांद्याच्या उंचीचा दांडा बसवला. सकाळी अंघोळ करून, अनवाणी, मॉप घेऊन ते आईंच्या पलंगापासून निघाले. एक लांब ढकल पुढे, मग एक रेटा डावीकडे, एक उजवीकडे. पुन्हा पुढे. हॉलमधून, मशीनच्या बाजूने, स्वयंपाकघराच्या दारावरून मागच्या मोरीपर्यंत. संपल्यावर मॉप दाराबाहेर झटकला आणि पेपर वाचायला बसले.

मी येऊन पाहते तर काय, हॉलच्या मधोमध एक पांढराशुभ्र पट्टा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धूळ, दोरे, कतरणी, धानाचं तूस यांची नीट रांग. बाकीचा हॉल जसा होता तसा.

"मामाजी, हे काय होय?"

"फायर लाईन."

उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून जंगलात पालापाचोळा दोन्ही बाजूंना सारून एक पट्टा मोकळा करतात. मामाजींनी आयुष्यभर तेच केलं. पाला बाजूला सारायचा, उचलायचा नाही. उचलून नेणार कुठे, सगळं जंगलच आहे.

"हे घर होय, नागझिरा नाही," मी म्हटलं. "इथं वनवा कोठून येनार?"

"तुज्या शेगडीतून," मामाजी म्हणाले आणि पेपर वर घेतला.

मी समजावलं, चिडले, सुपली त्यांच्या हातात दिली. त्यांनी सुपली घेतली, दाराशी ठेवली, पुन्हा पट्टाच मारला. मालकांकडे तक्रार केली तर ते म्हणाले, बाबा काम करत आहेत ना, करू दे. शेजारची बाई ब्लाउज शिवायला द्यायला आली आणि पट्ट्यावरूनच चालत मशीनपर्यंत आली, जणू कडेला पाणी साचलेलं आहे. मी हसावं की रडावं. आणि पलंगावरून आई रोज टक लावून हे सगळं पाहत. एरवी माझ्या पोळीपासून नवऱ्याच्या मिशीपर्यंत सगळ्यावर बोलणारी बाई याबाबतीत चकार शब्द काढत नव्हती. डॉक्टरांचा फोन आला, चालतात का विचारलं, आणि मी नाही म्हटल्यावर 'बसतील त्या बसतीलच' हे पुन्हा ऐकवलं. ते मला फार लागलं.

त्या रागातच एक दिवस मामाजी बाहेर गेल्यावर मी मॉप हातात घेतला. दिवाणाखालून, कपाटाखालून, कोपऱ्या-कोपऱ्यातून अख्खा हॉल पुसला. कचरा भरला, बाहेर टाकला. झालर झटकून पुन्हा एक हात मारला. फरशी नव्यासारखी लखलखली. मी मोठ्या ऐटीत आईंकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी उतरतील.

आईंनी पाय उचलून घेतले आणि भिंतीला टेकल्या.

"हे काऊन केलं व तू?"

"काय केलं? साफ केलं."

"सारंच चमकून रायलं आता. ओलं कोठं न् कोरडं कोठं, मले काई समजत नाही."

"पानी लावलंच नाही आई, सारं कोरडंच हाय."

"तू म्हनतेस." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ते पट्टा मारत तवा समजत होतं. बाजूले कचरा दिसे. मधातून ते सोता चालून जात अनवानी, सटकत नोहते. मी रोज पाहून रायली होती. आज उद्या करत उतरलीच असती."

इतके दिवस मी कचऱ्याच्या रांगा मोजत होते आणि ही बाई तिथे बसून धीर गोळा करत होती. मला स्वतःचा राग आला, आणि त्यांचाही आला. तोंड होतं ना, बोलायचं होतं! नको तिथे तर थांबत नाही.

मग मी काय करावं? मशीनखालची कतरणीची पिशवी उचलली आणि संध्याकाळी हॉलभर उधळून दिली. लाल, हिरव्या, जरीच्या, ज्या हाती आल्या त्या. धुळीची काळजी नव्हती, ती ट्रकवाले रात्रीतून भरून देतातच.

सकाळी मामाजी मॉप घेऊन आले आणि दचकले. "एवढा कचरा कोनं केला?"

"वारा सुटला होता," मी म्हटलं.

त्यांनी पट्टा मारला. यावेळी दोन्ही बाजूंना रंगीत किनार आली, लुगड्याच्या काठासारखी. मोरीपर्यंत जाऊन ते परत यायला वळले, तर आई पलंगाच्या कडेला आलेल्या. वॉकरवरचं धोतर त्यांनी स्वतः ओढून खाली टाकलं. दोन्ही हातांनी वॉकर धरला आणि उजवा पाय पट्ट्यावर ठेवला. मग डावा. मी धावणार होते. त्यांनी नजरेनेच मला मशीनशी बसवलं.

मामाजी पलंगापर्यंत आले, वळले आणि पुन्हा मोरीच्या दिशेने मॉप ढकलू लागले. पुढे ते, मागे आई. वॉकरचे रबरी पाय टेकत होते, उचलत होते. मामाजी सवयीने दोन ढांगांत मशीनपर्यंत गेले.

"आवो," आई मागून म्हणाल्या, "जरा थांबा ना. बाजार कोठं पळून नाही चालला."

मामाजी थांबले. मागे वळून पाहिलं नाही. आहेत तिथेच, एकाच टाइलवर मॉप पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिले. आई एकेक पाऊल टाकत त्यांच्या पाठीशी येऊन पोचल्या, तरी त्यांचं चालूच.

"काय करून रायले तुमी?" आईंनी विचारलं.

"कचरा हाय इथं जरासा," मामाजी म्हणाले.

मी मशीनवरून मान लांबवून पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.